शेपट्यांची टोपी

खरं तर काहीच झालं नव्हतं. गेत्सेलमामाची जीभ घसरली होती, आणि गेत्सेलमामाची जीभ घसरणं ही ब्नेई ब्राकमध्ये, तेल अवीवशेजारच्या कर्मठ ज्यूंच्या त्या गावात, बातमी नव्हे. जूनमधल्या एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, झेलिग टोपीवाल्याच्या दुकानात फिशेलच्या डोक्यावर त्याची पहिली श्ट्रायमल ठेवली गेली. श्ट्रायमल म्हणजे लग्न झालेल्या पुरुषानं शब्बाथला, म्हणजे शुक्रवार मावळल्यापासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाला घालायची ती फरची गोल, उभ्या भिंतीची टोपी. रिवाजाप्रमाणे ती सासरा घेऊन देतो. सासरे होणारे रेब अल्तर, अंड्यांचे ठोक व्यापारी, आरशाच्या उजव्या बाजूला छातीवर हात बांधून उभे होते. डाव्या बाजूला फिशेलचे बाबा हिर्श-लाइब, आपल्याला काही मत आहे असं कुणाला वाटू नये अशा बेतानं. आणि मध्ये, कुणी बोलावलं नसताना आलेला गेत्सेलमामा, कारण नवरदेवाची टोपी बसवताना दुकानात केक देतात अशी त्याची माहिती होती आणि ती खरी निघाली होती. झेलिगनं टोपी थोडी मागे सरकवली, थोडी पुढे ओढली, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटला. तेवढ्यात मामा केकनं भरलेल्या तोंडानं म्हणाला, "वापर, जुनी कर, नवी घे!"

दुकान गप्प झालं. पंखासुद्धा गप्प झाल्यासारखा वाटला, पण तो आधीपासूनच बंद होता.

"गेत्सेल," बाबा हळूच म्हणाले, "कातड्यावर नाही म्हणत."

मामानं तोंडावर हात मारला. त्यामुळे केक रेब अल्तरांच्या बाहीवर उडाला. मग सगळे हसले, रेब अल्तरही बाही झटकून हसले, आणि झेलिग म्हणाला, "नव्या कपड्यावर म्हणायचं, फरवर नाही. टोपी जुनी होऊन नवी यायची म्हटल्यावर मधल्या मध्ये एक जनावर मरायला हवं ना! कुणाच्या मरणाची शुभेच्छा द्यायची नसते." आणि मग दुकानदाराच्या साध्या, निरागस अभिमानानं त्यानं पुस्ती जोडली, "आणि हिच्यासाठी एक नाही हो. चांगल्या तीस शेपट्या आहेत हिच्यात."

नियम फिशेलला ठाऊक होता. आठव्या वर्षी बुटांच्या निमित्तानं तो शिकला होता. त्या वर्षी तो नवे कातडी बूट घालून वर्गात गेला तेव्हा सगळ्या पोरांनी बुटांकडे पाहून तोंडं घट्ट मिटून घेतली होती, आणि त्या सामुदायिक गप्प बसण्याचा त्याला दिवसभर अभिमान वाटला होता. पण गेली बारा वर्षं तो नियम त्याच्या पायांपाशीच राहिला होता. आज तो गुडघ्यांवरून, पोटावरून, कोटाच्या गुंड्यांवरून चढत डोक्यापर्यंत आला. आरशात एक लांब मानेचा, दाढी अजून नीट न भरलेला मुलगा होता आणि त्याच्यावर एक तपकिरी, चकचकीत, गरम वर्तुळ. चार माणसं त्या वर्तुळाकडे कौतुकानं बघत होती आणि त्याच्याविषयी एक साधं चांगलं वाक्य बोलायची कुणालाही परवानगी नव्हती. "काढा," फिशेल म्हणाला. "टोचतेय का?" झेलिगनं विचारलं. "नाही," फिशेल म्हणाला. ते खरंच होतं. टोचत काहीच नव्हतं, आणि टोचणं सुरू व्हायला त्याला घराच्या वाटेवरच्या दुसऱ्या चौकापर्यंत पोचावं लागलं.

दुसऱ्या चौकात सिग्नल लाल होता. समोरच्या बसमधून शाळेतल्या मुली उतरत होत्या, प्रत्येकीच्या हाताला एकेक धाकटं भावंड. फिशेलला आपली पेटी आठवली. म्हणजे बाबांची पेटी. श्ट्रायमल ठेवायची ती काळी गोल पेटी कपाटावर असायची आणि तिला हवेसाठी दोन भोकं होती. भोकं असलेल्या पेटीत जिवंत काहीतरीच असणार, हे चार वर्षांच्या कुठल्याही माणसाला कळतं. फिशेलनं त्या प्राण्याचं नाव श्मेरल ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाबा श्मेरलला खाली काढत, ब्रशनं विंचरत, डोक्यावर बसवून प्रार्थनेला नेत, आणि शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की परत पेटीत. आठवड्याचे सहा दिवस काहीही न खातापिता अंधारात बसून राहणारा आणि फक्त शब्बाथ पाळणारा हा प्राणी आपल्या घरात सर्वांत धार्मिक आहे, बाबांहूनही, असं फिशेलचं मत होतं. फक्त त्याला भूक लागत असेल याचं वाईट वाटे. म्हणून एका आठवड्यात त्यानं खुर्चीवर स्टूल ठेवून, रोज एक याप्रमाणे, त्या भोकांतून साखरेचे खडे आत ढकलले. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना ऐन रंगात असताना बाबांच्या कपाळावरून मुंग्यांची एक रांग खाली उतरली, दाढीत शिरली आणि गळ्यापाशी बाहेर पडली. शब्बाथ लागलेला. शब्बाथला मुंगी मारता येत नाही. बाबा दीड तास तसेच उभे राहिले, डोळे मिटून, ओठ हलवत, मान न हलवता. घरी परतताना फिशेलचा हात त्यांच्या हातात होता आणि त्यांचा हात थरथरत होता. दारापाशी त्यांनी टोपी काढली, उंबऱ्याबाहेर अलगद उपडी धरली आणि शेवटची मुंगी आपल्या पायांनी चालत जाईपर्यंत वाट पाहिली. सूप गार झालं. एकही मेली नाही. "त्यांचाही शब्बाथ आहे," बाबा आईला म्हणाले. फिशेलला त्या दिवशी मार बसला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा ती गोष्ट इतकी लख्ख लक्षात राहिली होती. सिग्नल हिरवा झाला. त्यानं रस्ता ओलांडला नाही. दोनशे जिवंत मुंग्या आणि त्यांच्या खाली तीस शेपट्या. आपल्या बाबांनी दीड तास ज्यांना सांभाळलं ते आणि ज्यांच्याविषयी एकदाही विचार केला नाही ते, दोन्ही एकाच डोक्यावर. सिग्नल परत लाल झाला.

काही वर्षांपूर्वी सरकारनं देशात फर विकायला बंदी घातली होती. तेव्हा धर्मपाठशाळेत मोठी खळबळ उडाली, आणि मग कळलं की संशोधन, शिक्षण आणि धर्म यांना सूट आहे. सगळे निर्धास्त झाले. फिशेलही झाला होता. आता त्याच्या मनात आलं, म्हणजे या देशात मिंकपुढे, मुंगसासारख्या त्या केसाळ जनावरापुढे, दोनच रस्ते उरलेत, एक प्रयोगशाळेचा आणि एक माझा. मी म्हणजे अपवाद. तेल अवीवच्या बायकांना जे निर्दय म्हणून नाकारलं ते माझ्या डोक्यावर पवित्र म्हणून चालतं, तेही जूनमध्ये, घामाच्या धारांत. थंडीसाठी म्हणावं तर थंडीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच झेलिगकडे गेला. झेलिग मागच्या खोलीत काम करत होता. त्याच्यासमोर फळीवर ओल्या शेपट्या उभ्या चिरून, ताणून, बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, एकीला लागून एक, शाळेच्या हजेरीसारख्या. वाळल्या की तो त्यांच्या पट्ट्या कापी, पट्ट्या शिवून लांबच लांब दोरखंड करी आणि तो मखमली टोपीभोवती गुंडाळी. खोलीत ओल्या कुत्र्याचा वास होता.

"कसं मारतात?" फिशेलनं विचारलं.

"कुणाला?"

"यांना."

झेलिगनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "बाळा, माझ्याकडे पोतं येतं. पोत्यात शेपट्या असतात. पोत्याच्या आधीचं मला काही माहीत नाही."

"एकदाही पाहिलं नाही?"

झेलिग पुन्हा खिळे तोंडात धरायला गेला आणि थांबला. "एकदा पाहिलं. लिलावासाठी उत्तरेकडे गेलो होतो, तिथल्या माणसानं हौसेनं फार्म दाखवला. लांबच लांब छपरं. छपराखाली जाळीचे पिंजरे. टोपीच्या पेटीएवढा एकेक पिंजरा, खालीही जाळीच, पाय टेकायला जमीन नाही. मारतात गॅसनं. फरला डाग पडत नाही ना." तो बोलताना फळीकडेच बघत होता. "त्यात एक होता, तो गोल फिरत होता. थांबतच नव्हता. पिंजरा चौकोनी, पण हा गोल. गोल, गोल, गोल. मी त्या माणसाला विचारलं, याला काय झालंय? तो म्हणाला, काही नाही, ते फिरतात. मी मनात म्हटलं, अरे, हा तर आत्तापासूनच श्ट्रायमल व्हायचा सराव करतोय." झेलिग हसला. मग हसणं अर्ध्यात सोडून त्यानं एक शेपूट उगाचच सरळ केली, जी आधीच सरळ होती. "बायकोला सांगितला हा विनोद. ती हसली नाही. तेव्हापासून कुणाला सांगितला नाही."

"मी नाही घालणार," फिशेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही. आतून कुणीतरी वयस्क माणूस बोलल्यासारखा. "मी ही रोजची काळी टोपी घालून लग्नात उभा राहीन."

झेलिगनं त्याच्या हातातल्या काळ्या फेल्ट टोपीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी करुणा होती. "ही? ही सशाच्या केसांची आहे."

फिशेलनं टोपी टेबलावर ठेवली. अलगद ठेवली, जणू ती उडी मारून पळेल. त्या शुक्रवारी तो नुसत्या सुती गोल टोपीनं, माथ्याला चिकटलेल्या त्या तळहाताएवढ्या कापडानं, भर रस्त्यातून घरी आला. माणूस टोपी विसरून बाहेर पडला म्हणजे घरात काहीतरी घडलंय असं धरून तीन माणसांनी त्याला थांबवून घरात कोण वारलं असं विचारलं. तिसऱ्याला तो म्हणाला, "तीस जण." त्या माणसानं लागलीच सांत्वनाचं वाक्य म्हटलं आणि मग भानावर येऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

घरी बाबांनी ऐकून घेतलं. मामाही ऐकायला होता, कारण शुक्रवार होता आणि शुक्रवारी आईच्या स्वयंपाकघरात चाखायला पुष्कळ असतं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" बाबा म्हणाले.

"डोकं आहे तिथंच आहे, बाबा. टोपीचाच प्रश्न आहे."

"अरे, शेपट्या उरलेल्या असतात," मामा म्हणाला. "जनावर मरतं कोटासाठी. शेपूट आपली मागे राहते. टाकूनच देतील ते."

"मामा, शेपूट कुणी मागे ठेवून जात नाही."

"आणि मेलेत ते मेलेत! तू नाही घातलीस तर उठून घरी जाणार आहेत का?"

"नाही. पण मी घातली की ती जुनी होईल. मग नवी लागेल. तुम्हीच तर म्हणालात काल."

"माझी जीभ घसरली होती!"

"एकट्या तुमचीच घसरली," फिशेल म्हणाला. "बाकी सगळ्यांना नीट माहीत होतं की हे बोलायचं नाही. ज्या वस्तूवर चांगलं बोलायची लाज वाटते ती डोक्यावर घ्यायची लाज का नाही वाटत, एवढंच मला कळत नाही."

मामानं किसलेल्या बटाट्याच्या वडीचा एक तुकडा उचलला आणि तो हत्यारासारखा फिशेलवर रोखला. "आणि तेफिलिन? रोज सकाळी प्रार्थनेला दंडावर बांधतोस त्या पेट्या कशाच्या आहेत? कातड्याच्याच ना? आणि आज रात्रीची कोंबडी? ती काय स्वखुशीनं आली?"

"तेफिलिनला हुकूम आहे. कोंबडीला भूक आहे. टोपीला काय आहे? टोपीला नुसता सासरा आहे."

आईला स्वयंपाकघरात हसू आलं. तिनं ते नळ सोडून बुडवलं.

"म्हणजे तू आता जग सुधारणार," बाबा थकून म्हणाले.

"जगाचं मला माहीत नाही, बाबा. माझ्या डोक्याचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर आहे. तेवढ्याचं मी बघतो."

त्या संध्याकाळी बाबा पेटी कपाटावरून काढताना जरा थांबले, असं फिशेलला वाटलं. पण त्यांच्या खांद्याला दुखणं होतं, ते नेहमीच थांबत. त्यांनी टोपी घातली, आरशात न बघता, आणि दोघे निघाले. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "रेब अल्तरांना तू स्वतः सांग. मला जमणार नाही." यात राग नव्हता. एखाद्यानं जड सामान दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं ते होतं, आणि फिशेलनं ते घेतलं.

हे सगळं इतकं सोपं नव्हतं, कारण मध्ये नवरी, रेब अल्तरांची मुलगी गित्तल होती. गित्तलला तो आयुष्यात एकदा भेटला होता, चाळीस मिनिटं, तिच्या मावशीच्या बैठकीत, दार थोडं उघडं ठेवून, मध्ये कुणीच न खाल्लेल्या सफरचंदाच्या केकची बशी. रिवाजाप्रमाणे त्यानं तिला कुठला विचार आवडतो, कुठले गुण महत्त्वाचे वाटतात असं काहीसं विचारलं होतं. ती म्हणाली, "मला स्वयंपाक येत नाही, आणि शिकायची फारशी इच्छाही नाही. हे आधी सांगितलेलं बरं." आणि मग, तो काही बोलायच्या आत, "शिवाय मी झोपेत बोलते. बहुतेक गणितं." तो इतका हसला की दाराबाहेर मावशीची खुर्ची करकरली. घरी येऊन त्यानं हो सांगितलं. तेव्हापासून आठ महिने तिचं नाव त्याच्या पोटात एखाद्या कोमट वस्तूसारखं होतं. धर्मपाठशाळेत ग्रंथावर वाकून बसला असताना, दुपारी, ते आपोआप हले. आता लग्नाचा मंगळवार दोन दिवसांवर होता, रिवाजानं या आठवड्यात तिला भेटायचं नव्हतं, आणि तो रविवारी अंड्यांच्या गोदामाकडे निघाला होता, तिला गमावण्याची शक्यता खिशात घालून. वाटेत तो स्वतःला परोपरीनं समजावत होता. घाल एकदाच. लग्नापुरती. सात दिवसांच्या मेजवान्यांपुरती. मग हळूहळू सोड, कुणाला कळणारही नाही. प्रत्येक समजूत अगदी रास्त होती आणि प्रत्येक समजुतीच्या शेवटी एक चौकोनी पिंजरा होता. त्याला रागही आला. तीस जनावरांपैकी एकालाही तो ओळखत नव्हता आणि गित्तलला निदान चाळीस मिनिटं ओळखत होता. तरी पाय गोदामाकडेच चालले होते. पायांना कुणी विचारलं नव्हतं.

गोदामात रेब अल्तर अंड्यांच्या ट्रेच्या दोन भिंतींमध्ये उभे होते. बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं, हे वाईट लक्षण होतं.

"मी तीस वर्षं अंडी विकतो," ते शेवटी म्हणाले. "एका कोंबडीनं कधी तक्रार केली नाही."

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"नवरदेव!" रेब अल्तरांचा आवाज चढला तसा एक मजूर ट्रे घेऊन उलट्या पावली बाहेर गेला. "पाचशे माणूस येणार आहे. त्यांच्यासमोर माझा जावई काय घालून उभा राहणार? रुमाल?"

"कृत्रिम केसांची मिळते. हुबेहूब दिसते."

"नकली केस? माझ्या जावयाच्या डोक्यावर नकली केस?"

फिशेलला वाटलं, आता गप्प बसावं. पण तो गप्प बसला नाही. "आपल्यात लग्नानंतर बायका टोपच घालतात ना? काकूंचा किती छान दिसतो. मला तर कित्येक महिने कळलं नव्हतं."

रेब अल्तरांनी एक अंडं उचललं, उजेडापुढे धरलं, आत पाहिलं, परत ठेवलं. "मला तू आवडतोस," ते म्हणाले, आणि हे धमकीहून भयंकर वाटलं. "म्हणून एकदाच सांगतो. फर नाही, तर मुलगी नाही. मंगळवारी डोक्यावर फर दिसली नाही तर ती तिच्या खुर्चीवरून उठून गाडीत बसेल, आणि गाडी मी चालवेन."

"समजलं," फिशेल म्हणाला. बाहेर ऊन इतकं होतं की डोळ्यांपुढे काळं आलं. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट आत कुठेतरी एक खुर्ची सरकवून कुणीतरी नीट बसल्यासारखं झालं. तो तडक झेलिगकडे गेला आणि म्हणाला, "नायलॉनची करा. मंगळवारपर्यंत." झेलिगनं आपल्या वाडवडिलांची नावं घेतली, त्यांना वर काय वाटत असेल ते सांगितलं, दोन्ही हात डोक्याला लावले, आणि मग माप काढायची फीत उचलली. "एक ऐक. कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. पण न विचारता खरं बोलायला जाऊ नकोस. मला अजून दुकान चालवायचंय."

सोमवारी आई पडदे बेतायच्या निमित्तानं गित्तलच्या घरी जाऊन आली. परत आल्यावर तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "घरात धुमश्चक्री आहे. बाप ओरडतोय. मुलगी मला पाणी द्यायला आली तेवढ्यात कानात म्हणाली, टोपीशिवाय आणखी काय काय घालणार नाहीत, त्याची यादी आधीच पाठवा म्हणावं."

"एवढंच आहे म्हणून सांग," फिशेल म्हणाला. आणि मग त्याला भूक लागली, गुरुवारपासून पहिल्यांदाच, पण दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा उपास होता.

मंगळवारी पाच वाजता, पोटात काही नसताना, तो पुरुषांच्या दालनात मुख्य टेबलाशी बसला होता आणि त्याच्या डोक्यावर झेलिगनं केलेली टोपी होती. त्याचा बेत साधा होता. रेब अल्तर आले की पहिल्या वाक्यात त्यांना सांगायचं. पण रेब अल्तर आले ते दोन्ही हात पसरून. त्यांनी ती टोपी पाहिली, ते जागच्या जागी थबकले, त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी फिशेलला इतकं घट्ट आवळलं की पहिलं वाक्य त्यांच्या कोटातच राहिलं. "शहाणा," ते पुटपुटले. "शहाणा माझा." मग लोक आले. काका आले, चुलतभाऊ आले, अंड्यांच्या व्यापारातले आले. प्रत्येकानं टोपीवरून हात फिरवला. "काय झळाळी आहे!" "केस बघ, केस! एकही पडलेला नाही." एक दूरचा आजा म्हणाला की असली फर त्यानं लहानपणी एकदाच पाहिली होती, आणि तीसुद्धा फक्त मोठ्या रब्बींच्या डोक्यावर. फिशेल हसत होता, मान डोलवत होता, आणि त्याच्या आत काहीतरी आकसत चाललं होतं. हे किती सोपं आहे, त्याला वाटलं. असंच बसून राहायचं. फर दिसते आहे, कुणी मेलेलं नाही, गित्तल तिकडे खुर्चीवर आहे, सगळे सुखी. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. असं आयुष्यभरही चालेल. शेजारी बाबा दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघत आणि लगेच नजर वळवत. त्यांना माहीत होतं. झेलिग केकच्या टेबलापाशी लोकांकडे पाठ करून उभा होता.

तेवढ्यात रेब अल्तर उठले आणि टेबलावर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "झेलिग! माझ्या धाकट्या जावयालाही हीच. अगदी हीच. आणि गेत्सेल, तुझीपण जुनी झालीय, तुलाही एक माझ्याकडून! काय जनावर आहे हे? कुठलं?"

झेलिगला एकदम ठसका लागला. तो बराच लांबला.

आणखी साठ, फिशेलच्या मनात आलं. माझ्या गप्प बसण्यानं आणखी साठ. जे डोकं रिकामं राहावं म्हणून आपण इतकं केलं त्याच डोक्याकडे बघून लोक नव्या टोप्या मागताहेत. तो उठून उभा राहिला.

"रेब अल्तर, हे जनावर कारखान्यात होतं," तो म्हणाला. आवाज दालनभर गेला. "नायलॉन आहे. मी तुम्हाला आल्या आल्या सांगणार होतो. उशीर झाला, ती माझी चूक. पण खरी मी घालणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही."

क्लॅरिनेटवाल्यानं ओठांना लावलेलं वाद्य खाली घेतलं. पाचशे माणसांतलं कुणी खोकलंसुद्धा नाही. खोकत होता तो एकटा झेलिग, तोही थांबला. फिशेलनं दोन्ही हातांनी टोपी काढली आणि टेबलावरून रेब अल्तरांपुढे धरली. आता त्याच्या डोक्यावर फक्त ते सुती कापड होतं, आणि त्याखाली घाम गार होत होता. "तुम्ही म्हणाला होतात गाडी तुम्ही चालवाल. चालवायची असेल तर मी अडवणार नाही. पण तिला आधी विचारा."

रेब अल्तरांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. ज्या टोपीवरून त्यांनी सगळ्यांच्या देखत हात फिरवला होता, जिच्यासारख्या आणखी दोन त्यांनी सगळ्यांच्या देखत मागितल्या होत्या, ती त्यांच्या हातात आली. त्यांनी ती उलटी करून पाहिली. केसांच्या उलट दिशेनं अंगठा फिरवला. मग ती तळहातावर वर-खाली तोलली, एकदा, दोनदा, अंडं तोलावं तशी. दालनातल्या सगळ्या माना त्या हाताबरोबर वर-खाली झाल्या.

"हलकी आहे," ते म्हणाले.

"आत कुणी नाही," फिशेल म्हणाला.

रेब अल्तरांच्या स्वतःच्या श्ट्रायमलखालून घामाचा एक ओघळ निघाला, कानशिलावरून उतरला, दाढीत गेला. त्यांनी तो पुसला नाही. स्त्रियांच्या दालनाकडून कुणीतरी दार किलकिलं करून उशीर का होतोय असं विचारलं आणि कुणीतरी तिला हुश्श केलं. मग रेब अल्तरांनी ती टोपी फिशेलच्या डोक्यावर ठेवली, जोरात, तिरकी, आणि सरळ केली नाही.

"सात दिवस तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

"मेजवान्यांनासुद्धा?" बाबांनी घाबरून विचारलं.

"मेजवान्यांना येईन. न बोलता जेवेन."

रिवाजाप्रमाणे नवरदेवाला नवरीकडे न्यायला त्यांनी फिशेलचा उजवा कोपर धरला. बाबांनी डावा धरला; या वेळी बाबांचा हात अजिबात थरथरत नव्हता. क्लॅरिनेट सुरू झालं, जरा चुकीच्या सुरावर, आणि लोक दोन्ही बाजूंना सरकले. टोपी डाव्या कानावर कलली होती. दोन्ही कोपर धरलेले, त्यामुळे फिशेलला ती सरळ करता येत नव्हती. तो तसाच, कललेल्या टोपीनं, मान मात्र ताठ ठेवून, गित्तलच्या दाराकडे चालत राहिला.